फुवांसकट सोफा

माझ्या भाच्याचं, स्वप्नीलचं, लग्न जमवायला घेतलं तेव्हा त्याच्या जमेच्या बाजूला काय काय आहे ते मी मनाशी मांडून पाहिलं. जळगावात स्वतःचं घर. सॉफ्टवेअरचा स्वतःचा धंदा, म्हणजे मार्केटात तिसऱ्या मजल्यावर एक गाळा, त्यात दोन कॉम्प्युटर आणि एक कूलर. व्यसन नाही. केस अजून शाबूत. नावे बाजूला एकच रक्कम होती, पण ती भरभक्कम होती. माझी बहीण कोकिळा.

कोकिळा वाईट नाही. फक्त स्वप्नीलला कोणी काही विचारलं की उत्तर ती देते. डॉक्टरांनी त्याला जीभ दाखव म्हटलं तर तो तोंड उघडायच्या आत ही सांगते, कालपेक्षा बरी आहे. त्यामुळे पोरगा हुशार आहे की नुसता गप्प, हे बाहेरच्या माणसाला ठरवता येत नाही. मी व्यापाऱ्यांची रिटर्न भरतो. माणूस समोर आला की आपोआप त्याची जमा-नावे मांडायची खोड मला आहे. तरी स्वप्नीलचा ताळेबंद मलाही कधी नीट जुळला नव्हता.

स्थळ होतं धुळ्याचं. हिलालनानांचं तिथे हायवेला बिछायत केंद्र. कनाती, गाद्या, खुर्च्या, आणि नवरा-नवरीला बसायचे ते सोनेरी पायांचे महाराजा सोफे. त्यांची मुलगी दिपमाला बीसीए झालेली. ऑर्डरी तीच घ्यायची आणि कुठल्या लग्नात काय कुठे मांडायचं तेही तीच ठरवायची. मुला-मुलीचं फोनवर बोलणं सुरू झालं होतं. स्वप्नील हल्ली फोन घेऊन गच्चीवर जातो, एवढ्यावरून काय समजायचं ते मी समजलो होतो. म्हणजे दोन सह्या झाल्या होत्या. राहिली होती नानांची.

आमच्याकडे मुलीकडचे लोक घर बघायला येतात. घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. वावर असेल तर वावर बघतात, विहिरीत वाकतात, मोटार चालू करायला लावून पाणी किती पडतं ते उभं राहून बघतात. नाना आले, घर पाहिलं, पाण्याची टाकी वाजवून पाहिली, मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आते सॉफ्टवेअर दखाड."

स्वप्नीलने तयारी केली होती. सासऱ्यांच्या धंद्याला शोभेल असा मांडवाचा प्रोग्रॅम त्याने बनवायला घेतला होता. स्क्रीनवर हॉल. हॉलमध्ये स्टेज, भटारखाना, खुर्च्यांच्या रांगा आणि एक सोफा. हा सोफा त्याने स्वतः घडवलेला, रेडीमेड नव्हे. त्याच्या एकेका गादीवर क्लिक केलं की ती लाल होते, म्हणजे जागा धरली. पण आम्ही जिना चढून गाळ्यात शिरलो तेव्हा तो त्यात काहीतरी दुरुस्त करत बसला होता. प्रोग्रॅम चालू नव्हता, नुसता मांडायच्या खिडकीत उघडा होता.

नानांनी खुर्ची ओढली, माऊस हातोडीसारखा धरला आणि सोफ्याच्या गादीवर दाबला. गादी होती तशीच राहिली. सोफ्याभोवती मात्र बारके पांढरे चौकोन उगवले. नानांनी पुन्हा दाबला. चौकोनांत काही फरक पडला नाही.

"हाई मरेल शे," नाना म्हणाले.

"मेलेलं नाही हो नाना," कोकिळा म्हणाली. "जरा लाजाळू आहे."

"नाना, हे अजून मांडणं चाललंय," स्वप्नील एवढं म्हणाला.

"मांडणं चाललंय त्याचं," कोकिळा म्हणाली.

मग त्याने प्रोग्रॅम चालू केला. सगळं झकास. गादीला हात लावला की लाल, पुन्हा लावला की पांढरी. कोकिळेने टाळ्या वाजवल्या. नाना गादीकडे बघत राहिले.

"पाव्हना उनात का बठ्ठाच घरं चालतस," ते म्हणाले. "माले पाव्हना येवाना आगोदरनं दखनं शे." मग कोकिळेला समजावं म्हणून जरा शहरी वळणावर आले. "ताई, पाहुणे आले की सगळीच घरं नीट चालतात. मला त्याच्या आधीचं बघायचंय. आमच्या धंद्यात खुर्ची मांडली की मांडणारा आधी बसून बघतो. स्टेजची फळी ठोकली की तिच्यावर नाचून बघतो. कार्याच्या दिवशी बघायचं ठरवलं तर पडेल कोण? नवरदेव. हे तुमचं मांडतानाच बोललं पाहिजे. बोललं तर मंग दखूत."

भरीत-भाकरी जेवून ते गेले. आमच्याकडे 'मंग दखूत' हे नकाराला धोतर नेसवून बोलायचे शब्द आहेत.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात गेलो तर भाचा कूलरसमोर तोंड करून बसलेला. त्याने फोन माझ्यापुढे धरला. दिपमालाचा मेसेज होता. 'नाना हट्टी आहेत पण चूक नाहीत. दर लग्नाचा हॉल वेगळा असतो. मांडणी मीच करणार, तुमच्या त्याच मांडायच्या खिडकीत. सोफा ठेवला की तिथल्या तिथे जागा धरता आली पाहिजे. दर वेळी चालू-बंद कोण करत बसेल? आणि ऐका, नानांनी नाशिकचं एक स्थळ बघायला ठेवलंय. हॉर्न आणि स्पीकरचं दुकान आहे. हात लावला की सगळं वाजतं.'

"वाजतं म्हणे," स्वप्नील म्हणाला.

"तुझं का वाजत नाही ते सांग."

तो खुर्ची फिरवून माझ्याकडे वळला. कॉम्प्युटरबद्दल विचारलं की तो बोलतो, आणि बरं बोलतो. "मामा, ही खिडकी मांडताना माऊसची क्लिक सोफ्यापर्यंत पोचतच नाही. मध्ये डिझायनर नावाचा प्रोग्रॅमचाच एक भाग बसलेला असतो. क्लिक आली की तो दारातच गाठतो. काय काम आहे? सोफा हलवायचाय? मोठा करायचाय? पुसून टाकायचाय? सगळं तोच बघतो. आपल्याकडे कोणी आलं होतं, हे सोफ्याला कळतही नाही."

"म्हणजे कोकिळा."

त्याने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "जवळपास."

"मग त्याला बाजूला कर."

"बाजूला नाही करता येत. पण तो दर वेळी विचारतो. ही क्लिक सोफ्याला सोडू का? आपण उत्तर लिहून ठेवलं नसेल तर तो नाही समजतो."

"मग हो लिही की. लग्न कोणाचं आहे?"

त्याने हो लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर, प्रोग्रॅम चालू न करता, मांडल्या जागी सोफ्याची गादी लाल झाली. मग दुसरी. मग मीही एक केली. लग्नघरातला पहिला सोफा आपणच रंगवला असं मला वाटलं, आणि त्या भरात मी नानांना फोन लावून रविवारी येतो म्हणून कळवलं. सोफा हलवून बघायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

कोकिळेच्या गुडघ्यांना एसटी झेपत नाही, म्हणून ती फोनवर आली. एरंडोलला तिने विचारलं पोचलात का, पारोळ्याला विचारलं पोचलात का. धुळ्याला पोचलो तेव्हा स्वप्नीलच्या फोनची बॅटरी अर्ध्यावर आली होती.

नानांच्या आवारात संध्याकाळच्या लग्नाचं सामान भरणं चाललं होतं. छोटा हत्ती टेम्पो मागचं फाळकं पाडून उभा. खुर्च्या चढल्या होत्या, कनातीचे गठ्ठे चढले होते. महाराजा सोफा तेवढा खाली होता, कारण त्याच्यावर प्रेमराजफुवा बसले होते.

प्रेमराजफुवा म्हणजे नानांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोठे सोज्वळ दिसतात. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात पानाची डबी. त्यांच्या खात्यात रुसव्यांखेरीज दुसरी नोंद नसावी. शिरपूरपासून पारोळ्यापर्यंत एक लग्न असं नाही की ज्यात फुवांना कोणी पाणी उशिरा दिलं नाही किंवा टोपी आखूड दिली नाही. म्हणून ते हल्ली कार्याच्या दिवसाची वाटच बघत नाहीत. सामान निघायच्या आधीच आवारात येतात आणि आपण ज्याच्यावर बसणार ते बसून पारखतात. संध्याकाळचं लग्न त्यांच्या नात्यातलं नव्हतं, पण सराव मोडू नये.

गाद्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवला. दिपमाला ओढणी कमरेला खोचून आली. माझ्याकडे बघून "या मामा," म्हणाली आणि स्वप्नीलकडे न बघता त्याच्यासाठी खुर्ची पुसली. मी ती लगेच जमेला धरली.

तिने नवा हॉल उघडला आणि त्यात एक सोफा सोडला. तो पडला नेमका भटारखान्याच्या तोंडाशी. "राहू दे, मग हलवू," ती म्हणाली. "नाना, बघा बसून."

नानांनी हातोडी धरली. गादीवर दाबली. गादी लाल झाली. प्रोग्रॅम चालू नाही, काही नाही, मांडल्या जागी.

"बोलस रे!" नाना एकदम खुलले. "बोलस! दाजी, दखा, मांडेल सोफा बोली ऱ्हायना." त्यांनी सगळ्या गाद्या लाल केल्या, पुन्हा पांढऱ्या केल्या. स्वप्नीलच्या पाठीवर थाप मारली. मी मनात साखरपुड्याच्या तारखेपर्यंत पोचलो होतो.

"आते हाऊ उचल, स्टेजकडे ने," नाना लेकीला म्हणाले. "रश्श्याच्या पातेल्यासमोर कोण बसेल?"

दिपमालाने सोफा धरून ओढला. गादी लाल झाली. सोफा तिथेच. तिने दुसरीकडे धरला. दुसरी गादी लाल झाली. तिने हाताशी धरला, पाठीशी धरला, पायाशी धरला. जिथे धरावा तिथली जवळची गादी लाल व्हायची, पुन्हा धरला की पांढरी. हलायचं नाव नाही. स्वप्नीलने आपलं लिहिलेलं उघडून पाहिलं. त्याने हो लिहिलं होतं ते सरसकट लिहिलं होतं. क्लिक कुठेही पडो, ती सोफ्याची. मांडणाऱ्याकडे एकही उरली नव्हती.

नानांनी स्वतः माऊस घेतला आणि सगळा जोर लावून ओढला. सोफा ढिम्म. नाना मोठ्याने हसले आणि म्हणाले, "बठना ते बठनाच! हाऊ ते आमना फुवा शे!"

गाडीजवळच्या हमालाने चटकन महाराजा सोफ्याकडे पाहिलं.

मागून शांत आवाज आला. "मी काय शे, हिलाल?"

नाना वळले. त्यांच्या तोंडावरचं हसू उतरायला जागा शोधू लागलं. "दाजी, आपली मजाक..."

"मजाक," फुवा म्हणाले. त्यांनी पानाची डबी शेजारच्या गादीवर ठेवली आणि मांडी घातली. "जळगावना पोऱ्याना कॉम्प्युटरमा मन्हं नाव घालं. ते बी भटारखानासमोर. आते मी उठाव नही."

मग जे झालं ते आमच्या भागातल्या कोणत्याही लग्नघरात होतं, फक्त इथे लग्न नव्हतं. चहा आला, फुवांनी तोंड फिरवलं. सरबत आलं, तिकडूनही फिरवलं. नानांनी हात जोडले, फुवांनी ते मोजल्यासारखे पाहिले. हाताला धरून उठवावं तर बहिणीच्या नवऱ्याच्या अंगाला हात लावला म्हणून नवा रुसवा. ज्या सोफ्यावर ते बसले होते तो संध्याकाळच्या नवरा-नवरीचा. ड्रायव्हर हॉर्न मारू लागला. लग्नघरचा फोन आला, सोफा कुठे आहे? नाना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "रुपचंदभाऊ, तुमचं पोरगं बोलत नाही, आणि त्याची वस्तू हलत नाही. नाशिकवाले उद्या येतायत. आज हे असं." आणि त्यांनी कपाळाला हात लावला. आमचा सगळा हिशेब तिथेच बुडालेला मला दिसला.

"नाना, उठवायचंच कशाला?" दिपमाला म्हणाली. ती सोफ्यापाशी गेली. "फुवा, तुम्ही बसा निवांत. कोणी काही म्हणत नाही." आणि मग पहिल्यांदा सरळ स्वप्नीलकडे बघून म्हणाली, "तिकडून धरा. सोफ्याच्या हाताला. फुवांच्या नाही."

स्वप्नीलने धरलं. पायांशी मी आणि हमाल. उचलणार तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. आरतीची घंटा, म्हणजे कोकिळा. मी एका हाताने फोन काढला आणि स्पीकर चालू केला.

"काय झालं? काय विचारलं नानांनी? त्यांना दे, मी सांगते."

"आई, नंतर," स्वप्नील म्हणाला. "हात गुंतलेत."

 कोकिळेच्या आयुष्यात असं उत्तर आलं नव्हतं. ते कुठे लिहावं तिला सुचेना.

सोफा वर गेला. फुवा आधी गडबडले, मग त्यांच्या ध्यानात आलं की सगळे खाली आहेत आणि आपण वर आहोत. त्यांनी टोपी नीट केली. छोट्या हत्तीत चढल्यावर त्यांचा आवाजही निवळला. "जरा डावीकडे ल्या. आठे ऊन येस." आम्ही हाताला धरून सोफा डावीकडे घेतला. "जास्ती व्हयनं." आम्ही उजवीकडे घेतला. फुवा गादीवर मांडी बदलत होते, डबी उघडत होते, त्यातलं काही आमच्यापर्यंत येत नव्हतं. आणि आम्ही सोफा सरकवत होतो, त्यात त्यांच्या मांडीला धक्का नव्हता.

स्वप्नील आपल्या हातातल्या सोनेरी हाताकडे बघत थांबला. "क्लिक गादीवर पडली तर फुवांची," तो स्वतःशी म्हणाला. "हातावर पडली तर आपली." आणि त्याने सोफा सोडला. एका बाजूने सुटल्यामुळे फुवा त्या बाजूला कलंडले.

"ए! आरे!"

"नाना, थांबा जरा," स्वप्नील पळता पळता ओरडला. नानांशी थेट बोललेलं ते त्याचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य.

"थांबनूच ना," नाना म्हणाले. "गाडी थांबेल शे, लग्न थांबेल शे. मी कोठे जाऊ?"

लॅपटॉपपाशी जाऊन स्वप्नीलने सरसकट हो खोडलं. सोफ्याच्या डिझायनरने आधी बघायचं, क्लिक पडली कुठे. गादीच्या चौकटीत पडली तर सोफ्याला सोडायची. हात, पाठ, पाय, कडा, यांवर पडली तर मांडणाऱ्याला ठेवायची. लिहायला वेळ लागला नाही. मग सगळं बंद करून पुन्हा उघडावं लागलं, कारण जुनं उत्तर त्या प्रोग्रॅमच्या डोक्यातून लवकर जात नाही म्हणे. तोवर आम्ही सगळे एका लॅपटॉपकडे बघत उभे, ड्रायव्हरसुद्धा.

उघडलं. भटारखान्यासमोर सोफा तसाच बसलेला. दिपमालाने माऊसने त्याच्या हाताला धरलं आणि ओढलं. सोफा निघाला. खुर्च्यांच्या रांगा ओलांडून स्टेजपाशी आला. तिने सोडला, गादीवर क्लिक केलं. लाल.

नानांनी माऊस घेतला. हात, गादी. हात, गादी. मग भुवई उचलून त्यांनी स्वप्नीलला विचारलं, "आन् बरोबर रेघेवर पडनी ते? आर्धी गादी, आर्धा हात?"

मी फोनकडे पाहिलं. फोन चालू होता, पण त्यातून काही आलं नाही.

"मग मांडणाऱ्याची," स्वप्नील म्हणाला. "बसणारा थोडा कळ काढू शकतो. मांडणाऱ्याच्या मागे गाडी उभी असते."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. टाकी वाजवून पाहिली होती तेव्हा त्यांचा चेहरा असाच होता, फक्त तेव्हा आतून आवाज पोकळ आला होता.

"माले बी दखाडा," छोट्या हत्तीतून आवाज आला. "मन्हं नाव कोठे घालं ते."

लॅपटॉप वर दिला. फुवांनी खिशातून चष्मा काढला. हॉल नीट न्याहाळला. स्टेज, रांगा, भटारखाना. "कोना मांडव शे हाऊ?"

"कोणाचा नाही, फुवा," दिपमाला म्हणाली. "नमुन्याचा."

"नमुन्याना मांडवमा सोफा इतला पुढे नही ऱ्हात." फुवांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग स्वप्नीलकडे, मग माझ्याकडे. आम्ही तिघेही कनातीच्या गठ्ठ्याकडे बघत होतो. "साखरपुडा दिसस. आन् मी? माले कोनी ईचारं का, कोठे बठशात म्हनीसन?"

 नाना श्वासही जपून घेत होते.

फुवांनी माऊस धरला. सोफ्याच्या हाताला धरून तो आणखी पुढे ओढला, स्टेजला अगदी खेटून. मधल्या गादीवर बोट दाबलं. गादी लाल झाली.

"हाई मन्ही," ते म्हणाले आणि लॅपटॉप खाली दिला. "पुसू नका."

दिपमालाने आधी सेव्ह केलं, मग वर बघितलं. नानांनी स्क्रीनवरच्या त्या लाल गादीकडे पाहिलं, गाडीतल्या फुवांकडे पाहिलं आणि एक लांब सुस्कारा टाकला.

"दाजी बठी गयात," ते म्हणाले. "आते कार्य करनंच पडी. नही ते त्यासले उठाडी कोन?"

"काय म्हणाले? नाना काय म्हणाले?" माझ्या हातातल्या फोनमधून कोकिळा ओरडली. तिने ठेवलाच नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वप्नीलने फोन माझ्याकडून घेतला.

"हो म्हणाले, आई," त्याने सांगितलं.

त्या आनंदात एक गोष्ट राहून गेली. ड्रायव्हरने फाळकं लावून गाडी काढली ती कोणाच्या लक्षात आली नाही. आम्ही पेढे खात होतो तेव्हा संध्याकाळच्या लग्नघरून नानांना फोन आला. सोफा वेळेवर पोचला होता. फक्त ते विचारत होते, वर बसलेला माणूस आमच्याकडचा आहे का तुमच्याकडचा, कारण त्यांना अजून कोणी पाणी विचारलं नाही, आणि ते रुसलेत.